महासंमताचा विसर : रशियन राजसत्तेचा अंत

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात तथागतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांना राजसत्तेच्या उगमाची कथा सांगितली आहे. हे दोघेही ब्राह्मण कुळात जन्मलेले, संघात येऊ इच्छिणारे आणि त्याबद्दल स्वजातीयांची निंदा सोसणारे होते. आपण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो, म्हणून आपणच श्रेष्ठ, असा त्या निंदकांचा दावा होता. तथागत या दाव्याला उत्तर देताना समाजाचा इतिहासच उलगडतात. शेतांना बांध पडले, दुसऱ्याच्या वाट्याचे धान्य चोरले जाऊ लागले, तंटे वाढले. तेव्हा लोक एकत्र जमले. त्यांनी आपल्यातीलच एका योग्य माणसाला निवडले, दोषी माणसाला शासन करण्याचे काम त्याच्यावर सोपविले आणि त्याबदल्यात आपल्या भाताचा काही वाटा त्याला देण्याचे कबूल केले. पुष्कळ जनांनी संमत केला म्हणून तो 'महासंमत'. तो देवाचा अंश नव्हता, सूर्याचा वंशज नव्हता. लोकांनी त्याला काम दिले होते आणि त्या कामाचे वेतन ठरविले होते.

राजसत्तेची ही कल्पना किती दूरगामी आहे, हे एखाद्या साम्राज्याच्या नाशाचा इतिहास वाचताना विशेष जाणवते. प्रस्तुत लेखात रशियातील रोमानॉव्ह घराण्याच्या पतनाचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे. योगायोग असा की, या घराण्याचा आरंभही संमतीने झाला आणि शेवटही संमतीच्या प्रश्नावरच झाला. इ. स. १६१३ मध्ये दीर्घ अराजकानंतर मॉस्को येथे भरलेल्या राष्ट्रसभेने सोळा वर्षांच्या मिखाईल रोमानॉव्हची झार म्हणून निवड केली. त्या सभेत सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि कोसॅक यांचे प्रतिनिधी होते. तीनशे चार वर्षांनी, १९१७ साली, त्याच घराण्यातील दुसऱ्या एका मिखाईलपुढे राजमुकुट आला, तेव्हा लोकांनी निवडलेल्या सभेने दिल्याखेरीज आपण तो घेणार नाही, असे त्याने लिहून दिले. या दोन मिखाईलांच्या मधला काळ म्हणजे महासंमताच्या विसराचा इतिहास होय.

(रशियात १९१८ च्या आरंभापर्यंत जुनी कालगणना होती. विसाव्या शतकात ती आजच्या कालगणनेपेक्षा तेरा दिवस मागे होती. येथील दिनांक नव्या कालगणनेप्रमाणे दिले आहेत. मार्चमध्ये घडलेली क्रांती 'फेब्रुवारी क्रांती' या नावाने का ओळखली जाते, याचा उलगडा त्यावरून होईल.)

जन्मावर उभे राहिलेले राज्य

झारच्या रशियातील समाज कायद्यानेच जन्माधिष्ठित वर्गांत विभागलेला होता. सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी असे हे वर्ग. कोणी कोणता कर भरावा, कोणत्या न्यायालयात उभे राहावे, कोणी शिक्षेचे फटके खावेत, हे वर्गावरून ठरे. भारतातील जातिव्यवस्थेशी तिची बरोबरी करता येणार नाही. तेथे अस्पृश्यता नव्हती आणि वर्ग बदलण्याच्या काही वाटा होत्या. तरीही माणसाचे मोल त्याच्या जन्मावरून ठरविण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच ओळखू येते.

३ मार्च १८६१ रोजी झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. दोन कोटींहून अधिक माणसे जमीनदारांच्या मालकीतून सुटली. परंतु ज्या जमिनीत त्यांच्या पिढ्या राबल्या, तीच जमीन त्यांना विकत घ्यावी लागली. सरकारने जमीनदारांना मोबदला दिला आणि तो एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी शेतकऱ्यांकडून वसूल करण्याचे ठरविले. मुक्तीबरोबर कर्ज आले. गावपंचायत सोडून जाण्यास परवानगी लागे. ग्रामन्यायालयाने शेतकऱ्याला फटक्यांची शिक्षा देण्याची प्रथा १९०४ पर्यंत कायद्यात टिकून होती. मुक्ती कागदावर द्यावयाची आणि जगण्याची साधने हातात ठेवावयाची, ही रीत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. १८९१-९२ च्या दुष्काळात आणि त्यासोबत आलेल्या साथींत लक्षावधी माणसे मेली. आणि धान्याची निर्यात थांबविण्यास सरकारने उशीर केला.

ज्यू लोकांची स्थिती याहून वाईट होती. त्यांनी साम्राज्याच्या पश्चिमेकडील ठरावीक प्रदेशातच राहावे, असा निर्बंध होता. १९०३ साली किशिनेव्ह येथे आणि पुढे अनेक ठिकाणी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. या हल्ल्यांच्या वेळी अधिकारी आणि पोलीस अनेकदा नुसते पाहत उभे राहिले.

अशा राज्यावर १ नोव्हेंबर १८९४ रोजी निकोलस दुसरा आला. आपली सत्ता ईश्वराने दिली आहे आणि ती अभंग ठेवून पुत्राच्या हाती देणे हे आपले धर्मकर्तव्य आहे, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. जानेवारी १८९५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी अभिनंदनासाठी आले असता, राज्यकारभारात सहभागी होण्याची त्यांची आशा ही निरर्थक स्वप्ने आहेत, असे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. ३० मे १८९६ रोजी, राज्याभिषेकाच्या उत्सवात, मॉस्कोजवळच्या खोदिन्का मैदानावर भेटवस्तू घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन तेराशेहून अधिक माणसे मेली. त्याच रात्री झार फ्रेंच राजदूताच्या नृत्यसमारंभाला गेला. १८९७ च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात त्याने आपण रशियाच्या भूमीचे धनी असल्याची नोंद केली. त्याच जनगणनेनुसार साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींहून अधिक होती आणि शंभरांतील केवळ एकवीस जणांना वाचता येत होते.

महासंमत हा लोकांकडून वेतन घेणारा रक्षक होता. निकोलस स्वतःस मालक समजत होता. पुढील सर्व घटनांचे बीज या एका फरकात आहे.

अर्जदारांवर गोळ्या

१९०४ साली रशिया आणि जपान यांचे युद्ध पेटले. ज्या आशियाई राष्ट्राला रशियन दरबार क्षुद्र लेखत होता, त्याने रशियाचा जमिनीवर आणि समुद्रावर पराभव केला. त्या पराभवांच्या काळातच, २२ जानेवारी १९०५ रोजी, रविवारी, सेंट पीटर्सबर्ग येथील कामगार आपल्या स्त्रिया-मुलांसह हिवाळी राजवाड्याकडे निघाले. गापोन नावाचा एक धर्मगुरू त्यांच्या पुढे होता. लोकांच्या हातात धर्मचित्रे आणि झारच्याच तसबिरी होत्या. त्यांनी लिहून आणलेल्या अर्जात आठ तासांचा कामाचा दिवस, योग्य मजुरी आणि सर्वांच्या मतदानाने निवडलेली संविधान सभा या मागण्या होत्या. झार हा आपला पिता आहे आणि त्याला आपली दुःखे ठाऊक नाहीत, या भावनेने तो अर्ज लिहिलेला होता.

झार त्या दिवशी शहरात नव्हता. सैन्याने गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार सुमारे एकशे तीस माणसे ठार झाली. प्रत्यक्ष संख्या अधिक मानली जाते. मेलेल्यांच्या संख्येपेक्षाही त्या दिवशी जे तुटले ते अधिक महत्त्वाचे होते. पित्याकडे गेलेल्या लेकरांना उत्तर म्हणून गोळी मिळाली. आपले दुःख धन्याला कळले की तो ते दूर करील, हा भोळा विश्वास जगातील सर्व शोषितांच्या मनात कधी ना कधी असतो. रशियात तो एका रविवारी संपला.

वर्षभर संप, शेतकऱ्यांचे उठाव आणि सैन्यातील बंड चालू राहिले. ऑक्टोबरात रेल्वेसह सर्व देश ठप्प झाला, तेव्हा ३० ऑक्टोबर १९०५ रोजी झारने नागरी स्वातंत्र्याचा आणि ड्यूमा या निर्वाचित सभेचा जाहीरनामा काढला. परंतु जे भयाने दिले ते भय ओसरताच परत घेतले गेले. १९०६ च्या मूलभूत कायद्यात झारच्या सत्तेला लावलेले 'अमर्याद' हे विशेषण गाळले. 'एकतंत्री' हे मात्र ठेवले. पहिली ड्यूमा मे १९०६ मध्ये भरली. जमिनीच्या फेरवाटपाची मागणी तिने लावून धरताच तिला अडीच महिन्यांत विसर्जित करण्यात आले. दुसरी ड्यूमा जून १९०७ मध्ये मोडली आणि त्याच दिवशी मतदानाचा कायदा जमीनदारांच्या सोयीने बदलण्यात आला. पंतप्रधान स्तोलिपिन याने एका हाताने शेतकऱ्यांना स्वतंत्र जमीनधारक करण्याची योजना आणली आणि दुसऱ्या हाताने लष्करी न्यायालये बसवून हजाराहून अधिक माणसांना फासावर चढविले किंवा गोळ्या घातल्या.

येथे कूटदन्त सुत्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. महाविजित राजाच्या राज्यात लुटालूट माजली असता त्याच्या पुरोहिताने त्याला दिलेला सल्ला तथागतांनी त्यात सांगितला आहे. वध आणि बंधन यांनी हा उपद्रव मिटणार नाही. मारण्यातून जे उरतील ते पुन्हा राज्याला पीडा देतील. म्हणून शेती करणाऱ्यांना बी-बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना योग्य वेतन द्यावे. मग लोक आपापल्या कामात मग्न होतील आणि घरांची दारे उघडी टाकून निर्भयपणे राहतील. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात हाच विचार उलट बाजूने मांडला आहे. निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीला आळा घालण्यासाठी राजाचे शस्त्र, ते पाहून लोकांच्याही हाती शस्त्र, आणि त्यातून हत्या. राजाने उगारलेले शस्त्र हे लोकांच्या शस्त्राचे गुरू ठरते, हे या सुत्ताचे मर्म आहे.

आठ दिवस

१ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. पुढील तीन वर्षांत सुमारे दीड कोटी पुरुषांना सैन्यात ओढण्यात आले. त्यांत बहुसंख्य शेतकरी होते. १९१५ च्या पराभवांनंतर झारने स्वतः सरसेनापतिपद घेतले आणि तो राजधानीपासून दूर मोगिल्येव्ह येथे जाऊन राहिला. तेव्हापासून प्रत्येक पराभव त्याच्या नावावर जमा होऊ लागला. राजधानीत राणी अलेक्झांड्रा आणि तिचा विश्वासू रासपुतिन यांचे वजन वाढले. दीड वर्षात चार पंतप्रधान झाले. डिसेंबर १९१६ मध्ये राजघराण्याशी संबंधित मंडळींनीच रासपुतिनची हत्या केली. तथापि रासपुतिनमुळे राज्य बुडाले, असे म्हणणे म्हणजे मूळ रोग सोडून पुरळाला दोष देणे होय. त्या वर्षाच्या उन्हाळ्यात मध्य आशियातील रशियेतर लोकांना सैन्याच्या पिछाडीस मजुरीसाठी बळाने नेण्याचा हुकूम निघाला. तेथे मोठा उठाव झाला आणि तो रक्तात बुडविण्यात आला.

राजधानीचे नाव आता पेट्रोग्राड झाले होते. कडाक्याच्या थंडीत भाकरीसाठी स्त्रिया पहाटेपासून रांगेत उभ्या राहत. ८ मार्च १९१७ हा आंतरराष्ट्रीय महिला दिन. त्या दिवशी व्हिबोर्ग भागातील कापड गिरण्यांतील स्त्रियांनी काम बंद केले आणि शेजारच्या कारखान्यांतील पुरुषांना हाका मारून बाहेर काढले. कोणत्याही पक्षाने त्या दिवशी क्रांतीची तारीख ठरविली नव्हती. मोठमोठे क्रांतिकारक नेते तर परदेशात किंवा सैबेरियात होते. १० मार्चला दोन लाखांहून अधिक कामगार संपावर होते. त्या संध्याकाळी झारने राजधानीच्या सेनाधिकाऱ्यास, उद्याच्या उद्या हा गोंधळ बंद करावा, अशी तार केली.

११ मार्चला, पुन्हा रविवारीच, गोळीबार झाला. व्होलिन्स्की पलटणीच्या शिपायांनी हुकमाप्रमाणे गर्दीवर गोळ्या झाडल्या. रात्री बराकीत ते परतले तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : आपण कोणावर गोळ्या झाडल्या? हे शिपाई बहुतांशी नव्याने भरती झालेले शेतकरी होते. रांगेतील स्त्रियांत त्यांच्या आया-बहिणी होत्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १२ मार्चच्या सकाळी किर्पिच्निकोव्ह या हुद्देदाराच्या पुढाकाराने त्या शिपायांनी हुकूम मानण्यास नकार दिला; त्यांच्या सेनाधिकाऱ्याचा त्यात बळी गेला. संध्याकाळपर्यंत एकामागून एक पलटणी लोकांना मिळाल्या. ताव्रिचेस्की राजवाड्याच्या एका भागात ड्यूमाची समिती बसली आणि दुसऱ्या भागात कामगार व शिपाई यांची सोव्हिएत.

राजसत्ता शस्त्रावर उभी असते, असे आपण म्हणतो. पण शस्त्र धरणारा हात माणसाचा असतो आणि त्या माणसाला मन असते. धम्मपदाच्या आरंभीच मनाला सर्व धर्मांचे पूर्वगामी मानले आहे. राजकारणातही ते खरे ठरते. पेट्रोग्राडच्या त्या बराकीत एका रात्रीत शिपायांचे मन पालटले आणि सकाळी साम्राज्य उरले नाही.

झारची आगगाडी राजधानीकडे निघाली होती. तिची वाट अडविली गेल्याने ती प्स्कोव्हला वळली. तेथे सर्व आघाड्यांवरील सेनापतींच्या तारा आल्या. झारने पदत्याग करावा, असाच त्यांचा सल्ला होता. १५ मार्च १९१७ रोजी निकोलसने आपल्या व आपल्या आजारी मुलाच्या वतीने सिंहासन सोडले आणि ते आपला भाऊ मिखाईल याच्याकडे सोपविले. दुसऱ्या दिवशी पेट्रोग्राडमधील एका खाजगी घरात मिखाईलने आपला निर्णय दिला. सार्वत्रिक, प्रत्यक्ष, समान आणि गुप्त मतदानाने निवडलेल्या संविधान सभेने दिली तरच आपण सत्ता स्वीकारू, असे त्याने लिहिले. महासंमताचे तत्त्व शेवटच्या क्षणी एका राजपुत्राच्या लेखणीतून उतरले. पण ते ऐकण्यास आता राजसत्ताच शिल्लक नव्हती.

रशियातील बौद्ध आणि बौद्धविद्या

या घडामोडींकडे आपण परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही, याचे आणखी एक कारण आहे. रशियन साम्राज्यात बौद्ध प्रजाही होती. बैकल सरोवराच्या परिसरातील बुर्यात आणि व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यातील काल्मिक हे तिबेटी परंपरेचे बौद्ध. राज्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चचे होते. इतर धर्म सरकारच्या मर्जीने जगत. १८५३ च्या नियमाने बुर्यातांच्या विहारांची संख्या चौतीस आणि भिक्षूंची दोनशे पंच्याऐंशी इतकी मर्यादित केली होती. धर्मपालनाचे काहीसे स्वातंत्र्य मिळाले ते १९०५ च्या उठावाच्या धक्क्याने, ३० एप्रिल १९०५ च्या सहिष्णुतेच्या आज्ञापत्राने. त्यानंतरच बुर्यात भिक्षू अग्वान दोर्जिएव्ह यांच्या प्रयत्नांनी सेंट पीटर्सबर्ग येथे बौद्ध विहार उभा राहिला. १९१३ साली रोमानॉव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्यात पहिली पूजा झाली. ज्या राजाच्या दीर्घायुष्यासाठी तेथे प्रार्थना झाली, त्याचे राज्य चार वर्षांत संपले.

त्या विहाराच्या बांधकाम समितीत दोन मोठे पंडित होते : सेर्गेई ओल्डेनबर्ग आणि फ्योदोर श्चेर्बात्स्की. पालीचे व्याकरण १८७२ साली प्रसिद्ध करणारे इव्हान मिनायेव्ह हे त्या दोघांचे गुरू. ओल्डेनबर्ग यांनी १८९७ साली 'बिब्लिओथेका बुद्धिका' ही ग्रंथमाला सुरू केली. बौद्ध संस्कृत ग्रंथांचा आमच्या पिढीने केलेला अभ्यास या मालेच्या ऋणात आहे. हेच ओल्डेनबर्ग १९१७ च्या उन्हाळ्यात हंगामी सरकारचे शिक्षणमंत्री झाले. त्या सरकारने धर्म आणि वंश यांवरून लादलेले सर्व निर्बंध एप्रिल १९१७ मध्ये रद्द केले होते. बौद्ध आणि ज्यू कायद्यापुढे प्रथमच समान नागरिक झाले.

हा आनंद फार टिकला नाही. यादवी युद्धात पेट्रोग्राडचा विहार लुटला गेला. विसाच्या दशकात अभ्यासाला काही अवकाश मिळाला. श्चेर्बात्स्कींचा 'बुद्धिस्ट लॉजिक' हा ग्रंथ १९३० ते १९३२ च्या दरम्यान लेनिनग्राडमध्येच छापला गेला, आणि मराठी वाचकांना पूज्य असलेले धर्मानंद कोसंबी हे १९२९ साली पालीच्या कार्यासाठी तेथे गेले. परंतु तिशीच्या दशकाच्या अखेरीस बुर्यात आणि काल्मिक प्रदेशांत एकही विहार चालू राहिला नाही. भिक्षूंना छावण्यांत पाठविण्यात आले किंवा गोळ्या घालण्यात आल्या. श्चेर्बात्स्कींचे शिष्य आन्द्रेई व्होस्त्रिकोव्ह १९३७ साली मारले गेले. वृद्ध दोर्जिएव्ह जानेवारी १९३८ मध्ये कैदेत निवर्तले. १९४३ च्या डिसेंबरात तर सबंध काल्मिक समाज घरादारातून उचलून सैबेरियाकडे नेण्यात आला. सेंट पीटर्सबर्गचा विहार बौद्धांना परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

एका दिवसाची संविधान सभा

असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहासातील एका दिवसापाशी थांबले पाहिजे. ७ नोव्हेंबर १९१७ रोजी बोल्शेव्हिकांनी सत्ता घेतली. त्यानंतर महिनाअखेरीस संविधान सभेच्या निवडणुका सुरू झाल्या. स्त्री-पुरुष, शेतकरी-जमीनदार सर्वांना समान मत होते. बोल्शेव्हिकांना सुमारे एक चतुर्थांश मते मिळाली; शेतकऱ्यांचा आधार असलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष पुढे गेला. १८ जानेवारी १९१८ रोजी सभा भरली. तिच्या समर्थनार्थ निघालेल्या निःशस्त्र मिरवणुकीवर त्या दिवशी गोळ्या चालल्या. मॅक्झिम गॉर्की यांनी आपल्या वृत्तपत्रात या गोळीबाराची तुलना १९०५ च्या त्या रविवाराशी केली. पहाटे पहारेकऱ्यांनी सभासदांना घरी जाण्यास सांगितले आणि पुन्हा त्यांना आत येऊ दिले नाही. त्याच वर्षीच्या जुलैत निकोलस, त्याची पत्नी, पाच मुले आणि चार सेवक यांना येकातेरिनबुर्ग येथे एका तळघरात ठार करण्यात आले. राजाच्या अपराधांचा न्याय झाला असे कोणी म्हणेल. मुलांचा आणि सेवकांचा अपराध कोणता होता?

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रशियन क्रांतीने जमीनदारी संपविली, निरक्षर देशाला साक्षर केले, जगभरच्या श्रमिकांना ताठ मानेने उभे राहण्याचे बळ दिले. आपले अण्णा भाऊ साठे १९६१ साली त्या देशात गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहून गेले, ते काय उगाच? हा आक्षेप खोटा नाही. शोषितांच्या मनात त्या क्रांतीबद्दल जी आत्मीयता आहे तिचा उपहास करण्याचा अधिकार कोणाला नाही. तिला झारशाहीच्या काळाची आठवण काढून कमी लेखणाऱ्यांनी फटक्यांची शिक्षा आणि भाकरीच्या रांगा विसरू नयेत. परंतु १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी शेतकरी मेले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. त्यांना विचारून त्यांची जमीन सामूहिक केली गेली नव्हती. धन्याची जागा बदलली. संमती विचारण्याची सवय लागली नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात आणि २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील भाषणात नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. दारिद्र्य आणि शोषण यांविषयीचे दुःख दोन्ही मार्गांना समान आहे, हे त्यांनी मान्य केले. साम्यवादाचे यश ते नाकारत नाहीत. त्यांचा प्रश्न साधनांचा आणि टिकाऊपणाचा आहे. बळ काढून घेतल्यावर जी व्यवस्था उभी राहू शकत नाही, ती माणसांच्या मनात रुजलेली नसते. स्वातंत्र्य आणि बंधुता यांना वगळून येणारी समता त्यांना अपुरी वाटली. काठमांडूच्या त्या भाषणानंतर पस्तीस वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९१७ मध्ये झारच्या बाजूने जसे कोणी उभे राहिले नाही, तसेच तेव्हाही त्या महासत्तेला वाचविण्यास लोक पुढे आले नाहीत.

भारताची संविधान सभा मात्र एका दिवसात संपली नाही. तिचा मतदारवर्ग मर्यादित होता, तरी तिने जवळजवळ तीन वर्षे काम केले आणि सर्व प्रौढांना मताधिकार देणारे संविधान घडविले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी तिच्यापुढे बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीची आठवण करून दिली, ती केवळ अभिमानाने नव्हे. विनयपिटक वाचणाऱ्यास हे ठाऊक आहे की संघापुढे ठराव रीतसर मांडला जाई. त्याला 'ञत्ति' म्हणत. महत्त्वाच्या कर्मांत तो तीन वेळा घोषित होई, आणि मतभेद असल्यास शलाका घेऊन मते मोजली जात. याहूनही सूक्ष्म एक नियम आहे. जो भिक्षू आजारी असल्याने येऊ शकत नाही, त्याचा 'छन्द', म्हणजे त्याची संमती, दुसऱ्याने संघापर्यंत आणावी लागे. अंथरुणावर पडलेल्या माणसाला वगळून घेतलेला निर्णय हा संघाचा निर्णय होत नसे. रशियाच्या झारने तेरा कोटींच्या देशाला कधी विचारले नाही. त्याच्यामागून आलेल्यांनी विचारले, पण उत्तर ऐकून सभा बंद केली.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी दिलेला दुसरा इशाराही रशियाच्या इतिहासाच्या उजेडात वाचला पाहिजे. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता एकत्र नांदू लागली, तर विषमता सोसणारे लोक एक दिवस ही लोकशाहीची इमारत उडवून देतील, असे त्यांनी बजावले होते. म्हणजे नुसती सभा पुरत नाही आणि नुसती भाकरीही पुरत नाही. चक्कवत्तिसीहनाद सुत्त सांगते की निर्धनांना धन मिळाले पाहिजे. अग्गञ्ञ सुत्त सांगते की राज्य लोकांच्या संमतीचे असले पाहिजे. ही दोन सुत्ते दीघनिकायात एकापाठोपाठ एक येतात. झारने दोन्ही नाकारली. क्रांतीने पहिल्याचे वचन दिले आणि दुसरे पायदळी तुडविले.

आपल्या वस्त्यांत, संस्थांत आणि विहारांतही हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. ज्यांच्या नावाने आपण निर्णय घेतो त्यांना आपण विचारतो काय? जो आजारी आहे, जो दूर आहे, जी बोलण्यास संकोचते, त्यांचा छन्द आपल्यापर्यंत कोणी आणतो काय? सिंहासने केवळ राजवाड्यांत नसतात. पेट्रोग्राडच्या भाकरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या त्या अनाम स्त्रियांनी एक सिंहासन खाली आणले. त्या रिकाम्या जागी काय बसवावयाचे, हे मात्र त्यांना विचारण्याचे राहून गेले.